टेस्टिंगची कॅसेट

बहिऱ्या माणसापुढे मी माझा गुन्हा हळू आवाजात कबूल केला. वर, कबूल केला म्हणून घरी जाऊन समाधानाने जेवलो.

आता एवढं सांगितलंच आहे तर तो माणूसही सांगायला हवा. आमच्या तोंडवलीत आणि आसपासच्या चार गावांत कुठेही पूजा, जत्रा, लग्न किंवा नाटक असलं की साउंड दादांचा. ते गावातल्या कुणाचेही सख्खे दादा नव्हते, पण सगळे त्यांना दादाच म्हणत. सेट जोडून झाला की ते बॉक्ससमोर उकिडवे बसत, उजवा तळवा जाळीवर ठेवत आणि डोळे मिटत. डॉक्टर छातीला नळी लावतो ना, तसं. मग उठता उठता एकच वाक्य:

"बॉक्स बोलाक व्हयो, बोंबलाक नको."

तुम्हीही असे साउंडवाले पाहिले असतील. ते माईकवर टकटक करतात, "हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणतात. दादा तसलं काही करत नसत. त्यांच्याकडे एक इंग्रजी कॅसेट होती. तरुणपणी ते एक सीझन गोव्यात किनाऱ्यावरच्या खानावळीत साउंड सांभाळायला होते. तिथे एका गोऱ्या मुलाच्या वॉकमनने टेप गिळली. दादांनी ती नेलपॉलिश लावून जोडून दिली. त्या मुलाने खूश होऊन पिशवीतली दुसरी कॅसेट यांच्या हातात ठेवली. तिच्यावर दादांनी बॉलपेनने लिहिलं 'टेस्टिंग', आणि कव्हर काढून ॲम्प्लिफायरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं. कव्हरवर ओल्या रस्त्यावर पाठमोरं उभं असलेलं एक कुत्रं होतं. बँडचं नाव काय, गाणी कोणती, याची चौकशी आमच्या गावाने कधी केली नाही.

पहिलं गाणं एकट्या गिटारवर सुरू होई. एक माणूस कानात गुपित सांगितल्यासारखा गुणगुणे. मग अचानक ड्रम आणि गिटारी अशा कोसळत की माडावरचे कावळे उडत. पुन्हा गुपित, पुन्हा कोसळणं.

"हेच्यात बारीक आवाज पण आसा नि मोठो पण आसा," दादा म्हणत. "दोनय नीट इले म्हणजे सेट बरो."

तिकडे मोठमोठ्या शहरांतली पोरं खोलीची दारं लावून जे गाणं ऐकत होती, ते आमच्याकडे सत्यनारायणाच्या आधी लागे. ते गुणगुणणं सुरू झालं की बायका म्हणत, "चला गो, टेस्टिंग लागला," आणि चुलीवरचा भात उतरवून निघत. एकदा एका म्हातारीने विचारलं होतं, "अरे, ह्यो मेलो इतको रडता कित्याक?"

"तेका भूक लागली आसा," दादा म्हणाले. "तुमी आरती आटपा बघू."

आता माझ्याकडे येतो. मला त्या वयात निवेदक व्हायचं होतं. मंडळाच्या कार्यक्रमात माईक हातात मिळावा म्हणून मी दोन वर्षं खुर्च्या लावल्या. शेवटी जत्रेच्या दिवशी, नाटकाच्या आधीचं निवेदन मला मिळालं. मला एक खोड होती, आजही आहे: बोलण्याआधी आणि बोलून झाल्यावर मी घसा साफ करतो. खँक्. गावातली पोरं माझी नक्कल करताना फक्त तेवढंच करतात, आणि लोकांना कळतं.

त्या दुपारी दादा देवळासमोर सेट जोडून जेवायला घरी गेले. मी राखणीला. आपला आवाज कसा येतो ते ऐकावं असं मला फार वाटलं. जवळ कोरी कॅसेट नव्हती, टेस्टिंगची होती. जुन्या लोकांना ठाऊक आहे, कॅसेटच्या पाठीवर दोन छोट्या चौकटी असत. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नसे. दादांनी त्या मोडलेल्या होत्या. मी भोकांवर चिकटपट्टी लावली. माझा हिशेब असा की कॅसेटच्या शेवटी थोडी जागा कोरी असते, तिथे बोलू. कॅसेट शेवटाला आहे की सुरुवातीला, हे बघण्याचं काम मात्र माझ्या हुशारीच्या खालचं होतं.

अकरा मिनिटं मी बोललो. "रसिक मायबाप हो" पासून आभारापर्यंत. मागे फिरवून लावलं, तर जिथे ती एकटी गिटार असायची तिथे मी होतो.

माणूस एवढ्यावर थांबला असता तर त्याला नुसता मूर्ख म्हणता आलं असतं. मी माईकचं बटण बंद केलं, घड्याळ लावलं आणि त्याच जागेवर अकरा मिनिटं शांतता भरली. माझा आवाज पुसला, चिकटपट्टी सोलून काढली, कॅसेट जागच्या जागी ठेवली आणि खुर्च्या लावायला गेलो.

तिन्हीसांजेला दादांनी बटण दाबलं. काहीच नाही. त्यांनी जाळीवर तळवा ठेवला, डोळे मिटले, उघडले. वायर हलवली. पेटी उघडली. "बॅटरी धर रे," म्हणाले, आणि मी बॅटरी धरली. नसलेला बिघाड तो माणूस एकेका वायरीत शोधत होता, आणि मी त्याला उजेड दाखवत होतो. कपाळावरून घाम त्यांच्या डोळ्यांत उतरत होता. लोक येऊन बसले होते. कुणीतरी म्हणालं, "दादानू, आज बॉक्स मुको झालो काय?"

तेवढ्यात बॉक्समध्ये काहीतरी खरखरलं. दादांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं उजेड हलला, मी बॅटरी सरळ केली. लगेच पुढच्या गाण्याचा मधला कल्लोळ पूर्ण आवाजात कोसळला, आणि पहिल्या रांगेतली पोरं आयांच्या पदरात शिरली.

बिघाड सेटमध्ये नव्हता, हे सगळ्यांना कळलं. कॅसेट कुणी पुसली, हे नाही.

दुसऱ्या दिवशी दादांनी देवापुढे नारळ ठेवला. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. एक जण देवाला खड्या आवाजात मागणं मागतो आणि जमलेले सगळे त्याला दुजोरा देतात.

"बा देवा म्हाराजा," गाऱ्हाणं सुरू झालं, "ह्या तुझ्या लेकराची टेस्टिंगची कॅसेट जेना कोणी पुसल्यान आसात, तेका बरी बुद्धी दी, आणि खरां काय तां तेच्याच तोंडातसून भायर काढ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. निवेदक ना मी.

ती कॅसेट पुन्हा कधी लागली नाही. दादा नुसत्या तळव्याने टेस्टिंग करू लागले. आणि पुसल्याचा आळ गेला वैनींवर, म्हणजे दादांच्या बायकोवर. त्यांच्याकडे छोटा टेपरेकॉर्डर होता, रेडिओवरची गाणी त्या भरून ठेवत. मी चहाला गेलो की दादा हमखास विषय काढत.

"हिनाच पुसल्यान. गाणी भरूक गेली नि माझी टेस्टिंग खाल्ल्यान."

"मी पुसलंय?" वैनी चहाची कपबशी माझ्यासमोर ठेवत. "बरां. देव बघता हा." आणि मग मला, "घे रे, बिस्कुट घे."

मी बिस्किट घेत असे. चहात बुडवत असे. ते मोडून कपात पडलं की बराच वेळ चमच्याने शोधत असे, म्हणजे वर बघावं लागू नये. एक-दोनदा नव्हे, इतकी वर्षं हे चाललं की त्यात माझं लग्न झालं, मुलं झाली, केस गेले. दरम्यान मी तालुक्यात बऱ्यापैकी नावाजलेला निवेदक झालो. दुसऱ्यांच्या सत्कारांत प्रामाणिकपणावर मी फार सुंदर बोलतो.

दादांचे कान हळूहळू गेले. जन्मभर बॉक्सशेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार! आधी बारीक आवाज गेले, मग मोठे. नवी पोरं लॅपटॉप घेऊन आली. दादा तरीही प्रत्येक कार्यक्रमाला येत, बॉक्ससमोर उकिडवे बसत, तळवा ठेवत. "बोंबलता हा," म्हणत. आणि खरंच तो बोंबलत असे.

मग एक दिवस माझ्या मोबाईलवर ते कुत्रं आलं. ओला रस्ता, पाठमोरं कुत्रं. त्या अल्बमचा मोठा वाढदिवस होता म्हणे, तो पुन्हा नव्याने काढला होता: जुन्या टेपा धुऊनपुसून, जाड पुस्तकासकट. तिकडच्या जाणकारांनी त्याबद्दल पानंच्या पानं लिहिली होती. या गाण्यांनी आमची तरुणपणं घडवली, वगैरे. मी मनात म्हटलं, आमच्याकडे यांनी जत्रा वेळेवर सुरू केल्या, ते कोण लिहिणार? सगळ्यांत कमाल म्हणजे हौशी लोकांसाठी त्याची कॅसेटही काढली होती. मी ताबडतोब मागवली. आता सगळं सांगून टाकायचं, असं ठरवलं आणि पार्सल आल्यावर ते तीन आठवडे कपाटात ठेवलं.

शेवटी गेलो. दादा पडवीत बसले होते. कव्हर पाहिल्यावर त्यांनी त्या कुत्र्यावरून अंगठा फिरवला, जुना कुत्रा घरी परत आल्यासारखा. मग खिशातला छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि कॅसेट लावण्याआधी तिच्या पाठीवरच्या दोन्ही चौकटी मोडल्या. कट्. कट्. मोडताना ते कॅसेटकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"ह्यां पयलां," म्हणाले.

एवढ्यावरून एखाद्या बैलालाही कळलं असतं.

त्यांनी कॅसेट लावली, बॉक्सवर तळवा ठेवला, डोळे मिटले. ती एकटी गिटार इतक्या वर्षांनी पडवीत आली. मी तयारी केली. पण त्यांना ऐकू जायचं तर ओरडावं लागणार, आणि ओरडलो तर वाडीभर जाणार. शेजारी कुंपणापाशी नारळ सोलत होते. मी वाकलो, आणि त्या गुणगुणण्याच्या आडून म्हणालो, "दादानू, ती कॅसेट मी पुसलंय. वैनीन नाय. माका माफ करा."

दादांनी मान डोलावली. "आवाज बरो आसा," म्हणाले.

मी ती क्षमा समजलो. घरी गेलो, आणि मघाशी सांगितलं तसा जेवलो.

दादा गेले त्याला आता काही महिने झाले. दिवस-कार्य आटोपल्यावर वैनींनी मला बोलावून घेतलं. पडवीत बॉक्स होता, त्याच्यासमोरची जागा रिकामी. वैनींनी जुनी कॅसेट लावली. ती, बॉलपेनने 'टेस्टिंग' लिहिलेली. आम्ही दोघं अकरा मिनिटं शांतता ऐकत बसलो. आयुष्यात मी एवढा वेळ गप्प बसल्याचं मला आठवत नाही. आणि शेवटी, गाणं कोसळायच्या आधी, बॉक्समधून स्वच्छ आवाज आला.

खँक्.

निवेदन संपल्यावरचा माझा घसा. तेवढा पुसायचा राहिला होता.

"तेका त्याच सांजेक कळला," वैनी म्हणाल्या. "तुझ्या हातात बॅटरी होती तेवा."

"मगे बोलले कित्याक नाय? तुमका कित्याक नावां ठेवीत?"

"तां तुका टोचाक. तो म्हणायचो, पोरगो बोलको आसा, आज ना उद्या बोलात." त्यांनी कॅसेट बंद केली. "मी पण तेच्या नादाक लागलंय. दर खेपेक बिस्कुट दिलंय तुका."

"पण वैनी, मी सांगलंय तेंका. ती नवी कॅसेट घेऊन इल्लंय तेवा."

"आयकलंय मी. मी खंय बहिरी आसंय? चुलीकडेच होतंय."

"मगे तुमी सांगलात ना तेंका?"

"नाय," वैनी म्हणाल्या. "तां तुझां तू सांगूचा होतां. तू गेल्यार तो विचारी होतो रे, काय बोललो तो? मी म्हटलंय, परत येतलो, मोठ्यान सांगतलो."

मला बोलायचं होतं. सवयीने मी आधी घसा साफ केला. वैनींनी हात वर करून मला तिथेच थांबवलं.

"ऱ्हवांदे आता. जलमभर माईकात बोंबाललंस मेल्या, नि खरां एकच वाक्य सांगूचा होतां, तां बहिऱ्याच्या कानात पुटपुटलंस!"