गोपाळकाकांची नवी पानं

एकाच माणसापाशी दहा वर्षं बसलं की किस्से आपोआप साठतात. टाकून द्यायचं म्हटलं तरी जात नाहीत! मी जव्हारच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. शाळा सुटली की दमलेला जीव घेऊन बाजारात गोपाळकाकांच्या सतरंजीवर टेकायचो. काका चित्रांची पानं मांडून भविष्य सांगत. गिऱ्हाइकानं एक पान उचलायचं, काकांनी अर्थ सांगायचा.

*

संस्थान विलीन झालं आणि काका पानांचा जुना गठ्ठा घेऊन माझ्या घरी आले.

"मास्तर, राजाचं पान निघालं की लोक हसतात. सगळी पानं नवीन काढा, आजच्या काळाची."

राजाच्या जागी मी मामलेदार काढला. टेबल, टोपी, फायली. आठवड्यात काका परत!

"याला बघून लोक उठून जातात हो! जरा हसरा करा."

केला हसरा. पुन्हा हजर.

"आता कुणाचा विश्वासच बसत नाही!"

*

रेड्यावरचा यम पाहून जामसरचा एक म्हातारा जागेवरच घेरी येऊन पडला होता. म्हणून यमाऐवजी मी नुसती रिकामी खाट काढली. पुढच्याच बाजारी खोडाळ्याच्या एका आजारी माणसानं तेच पान उचललं. काका ते घाईनं परत गठ्ठ्यात सरकवू लागले. तोच खूश होऊन म्हणाला, "म्हंजे दवाखान्यात खाट मिळतेय!"

*

रथाच्या जागी सर्व्हिस मोटार काढली. "तुझं नशीब आता धावणार," काका एकाला म्हणाले.

"धावंल हो, पण येणार कंदी? सकाळधरनं स्टँडवरच बसलोय!"

*

एक पान रंगवायचं राहूनच गेलं. परीक्षांचे पेपर होते, डोळेही दुखत होते. तो कोरा पुठ्ठा तसाच गठ्ठ्यात गेला आणि पोशेऱ्याच्या एका बाईनं नेमका तोच उचलला. तिचा नवरा तीन पावसाळ्यांमागं ठाण्याकडे कामाला गेलेला. तेव्हापासून निरोप नाही.

"दुसरं उचल, बाई," काका ओशाळून म्हणाले.

तिनं ते माझ्यापुढे धरलं. "मास्तर, ह्याच्यावर त्याचं तोंड काढा. मला आता नीट आठवत नाय."

ती सांगत गेली, मी काढत गेलो. भुवया जाड. नाक बसकं. कानाजवळ भाजल्याचा डाग.

चित्र तिनं बराच वेळ पाहिलं.

"ह्यो तो नाय," ती म्हणाली. "पण चालंल."

आणि पान पदरात बांधून चढाच्या वाटेला लागली.