बिनदाराची केबिन

बफिंगच्या, म्हणजे पॉलिशच्या, मशीनखाली काळा भुगा साचतो. संध्याकाळी झाडून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच! आमच्या गाळ्यातल्या किश्शांचंही तसंच आहे. मी सातवी नापास माणूस, लिहायच्या भानगडीत कधी पडलो नाही. पण टपरीवर चहाला टेकलो की कोणीतरी म्हणतंच, "संज्या, तो दाराचा सांग ना!" एक सांगायला घेतला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो.

आमचा गाळा भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांचा. माझा दादा, विजय, तिथे पॉलिशवर होता. मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात गाळ्यात पाणी शिरलं, मशीनमध्ये करंट उतरला आणि दादा मशीनला चिकटला. मेन स्विच शेठच्या केबिनमध्ये. फोन केबिनमध्ये. फर्स्ट एडची पेटी केबिनमध्ये. आणि केबिनला कुलूप! कारण शेठ जेवायला घरी गेला की कामगार गावाला एसटीडी लावतात, असं त्याचं म्हणणं. किल्ली शेठच्या कमरेला. आमचे सुपरवायझर सावंतकाका, त्यांनी पहारेने दार फोडलं, स्विच पाडला. तोवर उशीर झाला होता.

त्याबद्दल एवढंच. बाकीचे किस्से हसायचे आहेत.

*

दादाचं तेरावं झालं आणि शेठने मला दादाच्या जागेवर घेतलं. पहिल्या दिवशी गाळ्यात शिरलो तर समोर केबिनला नवंकोरं दार! सागवानी, पितळी कडी, वर तळहाताएवढं कुलूप. आमच्या घरात दादाच्या फोटोपुढे अजून दिवा जळत होता आणि इथे दार बसूनही झालं होतं.

दुपारी शेठने कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि जेवायला गेला. मी पहार घेतली, बिजागऱ्या उखडल्या, चौकटीतला कोयंडा उपटला. कुलपाला हात लावला नाही. अख्खं दार काढून भिंतीला टेकवलं आणि जाऊन मशीनवर बसलो. सावंतकाका नुसते "अरे... अरे..." करत राहिले.

शेठ आला. मोकळ्या चौकटीकडे बघत उभा राहिला.

"दरवाजा कोणी काढला?"

"मी."

"का?"

"आत मेन स्विच आहे."

शेठ आत जाऊन बसला. मग आतून आवाज आला, "पंखा तरी चालू कर कोणी!"

*

आता सवय बघा माणसाची. दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ जेवायला निघाला. केबिनला दार नाही. दार भिंतीला टेकवलेलं, कडीत कुलूप तसंच लोंबतंय. शेठ त्या दारापाशी गेला, कुलूप उघडलं, पुन्हा लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली कमरेला खोचून निघून गेला!

रामदुलारे माझ्या बाजूच्या मशीनवर. जौनपूरचा माणूस, मशीन बंद करून बघतच राहिला. "संजय भाई, सेठ दीवार को ताला मार के गए हैं!"

त्या दिवसापासून रोज हेच. सणासुदीला कुलपाला तेलही घालायचा.

मधूनमधून शेठ सुतार घेऊन यायचा. सुतार आला की मी डबा घेऊन केबिनच्या उंबऱ्यात जेवायला बसायचो. सुतार बिचारा टेप हातात धरून उभा. एकदा शेठला म्हणाला, "चौकट मापात आहे शेठ. मधला माणूस तेवढा मापात बसत नाही."

*

नुसतं दार काढून काय होतं? करंट लागल्यावर करायचं काय, ते कोणालाच माहीत नव्हतं. जखमेवर विडीची राख, भाजल्यावर टूथपेस्ट, चक्कर आली की चप्पल हुंगवा, एवढंच आमचं ज्ञान. म्हणून मी काशीगावच्या एका दवाखान्यातल्या कंपाउंडरला पकडून आणलं. शनिवारी सुट्टी झाल्यावर सगळ्यांना मशीनांच्या मध्ये बसवलं. दोघे-तिघे सटकायला लागले तर शटर अर्धं ओढलं आणि खाली उभा राहिलो.

कंपाउंडरने चांगलं शिकवलं. आधी स्विच पाडायचा, माणसाला हात लावायचा नाही, कोरड्या लाकडाने सोडवायचं. मग श्वास बंद असेल तर तोंडाला तोंड लावून हवा भरायची, ते आलं. सावंतकाकांना खाली झोपवलं आणि कंपाउंडरने विचारलं, "कोण करून दाखवतं?"

रामदुलारे उठला. गालात खैनी, दातांचा रंग आमच्या काळ्या भुग्याचा. तो वाकायला आणि काका उठायला एकच गाठ पडली.

"हे बघा," काका सगळ्यांना हात जोडून म्हणाले, "मला काही झालं तर मला सुखाने मरू द्या. पण याला आवरा!"

रामदुलारेला फार लागलं ते. सोमवारी आला तो खिशात पुडी घेऊन. काकांच्या नाकासमोर धरून म्हणाला, "काका, इलायची लाया हूँ. आपके लिए हमेशा जेब में रहेगी."

*

हिराजी आमचा प्रेसवाला, पत्रा दाबून भांडं काढणारा. तारोडीचा, मच्छीमाराच्या घरातला. होडी भावाकडे गेली तसा हा कारखान्यात आला. कंपाउंडरचं कोरडं लाकूड त्याने मनावर घेतलं आणि दोन दिवसांनी खांद्यावर वल्हं घेऊन हजर! हे एवढं लांब. बसच्या कंडक्टरने वल्ह्याचंही तिकीट काढायला लावलं म्हणे.

"बापाचा हाय," हिराजी म्हणाला. "कवापास्नं माळ्यावर पडून सुकलाय. याच्याइतका कोरडा लाकूड भाईंदरात न्हाय."

मेन स्विचच्या बाजूला दोन खिळे मारून आम्ही ते टांगलं. शेठ केबिनमध्ये शिरला तर डोक्यावर वल्हं. दचकला की शेठ गुजरातीवर येतो.

"आ शुं छे? आणि होडी कुठाय?"

हिराजी शांतपणे म्हणाला, "पावसात गाळ्यात पानी भरू दे, शेठ. होडी पन आनतू."

शेठ हसला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला पायाखालच्या फरशीकडे बघताना पाहिलं.

*

दसऱ्याला आमच्याकडे मशीनची पूजा होते. सावंतकाकांनी झेंडूच्या माळा घातल्या, प्रत्येक मशीनला हळदकुंकू लावलं. आणि फर्स्ट एडची पेटीही पुजली! पाटावर बसवली, वर दोन आपट्याची पानं, पुढे दिवा.

नारळ रामदुलारेने फोडला. नारळ फुटला, त्याबरोबर तळहातही चिरला. रक्ताची धार लागली.

मी पेटीकडे धावलो तर काका आडवे. "अरे, आज नाही उघडायची! पुजलेल्या हत्याराला आज हात लावत नाहीत!"

माझं डोकं फिरलं. आता काका वडिलांसारखे, पण मी ओरडणारच होतो. तेवढ्यात हिराजीने काकांना धरून हळूच बाजूला केलं.

"काका, देवाला नारल चालतंय, फूल चालतंय, त याच्या हाताला कापूस का न्हाय चालनार?"

काका पाटासमोर बसले. मग स्वतःच पेटीला नमस्कार करून झाकण उघडलं, रामदुलारेचा हात स्वच्छ पाण्याने धुतला, कापूस दाबून धरला, पट्टी बांधली. एकदम कंपाउंडरने शिकवलं तशी. शेवटी त्या पट्टीवरही कुंकवाचं बोट टेकवलं!

"पूजेत खंड नको," म्हणाले.

*

दार भिंतीला टेकून नुसतं उभं होतं. मला वाटलं, याचं स्ट्रेचर होईल. माणूस पडला तर न्यायचा कशावरून? रिक्षा कधी थांबते, कधी नाही. एका शनिवारी काकांना दारावर झोपवलं, चौघांनी उचललं आणि इंडस्ट्रियल इस्टेटच्या गल्लीतून निघालो. मी पुढे, डाव्या खांद्यावर.

शेजारच्या गाळ्यातले लोक बाहेर आले. कोणी टोपी काढली. कोणी मशीन बंद केलं. प्लॅस्टिकवाल्याकडचा एक म्हातारा हात जोडून मागे चालायला लागला. मग त्याच्यामागे आणखी चार. रामदुलारे मागच्या बाजूला होता. गर्दी बघून त्याला काय वाटलं देव जाणे, मोठ्याने म्हणाला, "राम नाम सत्य है!"

काका ताडकन उठून बसले. "गाढवा, अजून जिवंत आहे मी!"

प्लॅस्टिकवाला म्हातारा उलटा पळाला तो थेट आपल्या गाळ्यात. गल्लीभर हशा! सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. मला मात्र खांद्यावरचं वजन ओळखीचं वाटलं.

परत फिरताना मी म्हटलं, "यापुढे खांदा बंद. हाताने धरायचं. कमरेच्या खाली."

काकांनी खाली उतरून एक बाजू स्वतःच धरली.

*

यंदाच्या एप्रिलात शेठची सहनशक्ती संपली. मला केबिनमध्ये बोलावलं.

"सोमवारी सुतार येणार. लोखंडी पट्ट्या मारून दरवाजा बसवणार. मध्ये बसलास तर घरी बस."

"मी मध्ये बसणार," मी म्हटलं.

"तुझी आई आहे, वहिनी आहे. विचार कर."

"म्हणूनच बसणार."

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "सोमवारी डबा जास्त देते. दिवसभर बसावं लागेल."

सोमवार उजाडायच्या आधी शनिवार आला. उकाडा मरणाचा. शेठच्या केबिनमध्ये नवा कूलर. दुपारी जेवून आला आणि चालू कूलरमध्येच बादलीने पाणी ओतायला लागला. मी मशीनवरून बघत होतो. दार असतं तर दिसलं नसतं. बादली पडली. शेठचा हात कूलरच्या पत्र्यावर, तोंड वाकडं, आवाज नाही.

"करंट!" मी ओरडलो.

कोणी शेठला हात लावला नाही. कोणी "किल्ली, किल्ली" केलं नाही. रामदुलारे एका उडीत आत जाऊन मेन स्विच पाडून मोकळा. मी खिळ्यावरचं वल्हं खेचलं आणि शेठचा हात पत्र्यावरून ढकलून काढला. शेठ पोत्यासारखा खाली आला. सगळी मशीनं थांबली.

काकांनी छातीला कान लावला. आम्ही काकांच्या तोंडाकडे बघत होतो.

"ठोके आहेत. श्वास... श्वास कळत नाही रे."

रामदुलारेने खिशातली पुडी काढली, वेलची तोंडात टाकली, दोनदा चावली आणि गुडघ्यावर बसून शेठच्या तोंडावर वाकला.

शेठने डोळे उघडले!

"इलायची का असर," रामदुलारे म्हणाला.

पण डोळे उघडले म्हणजे झालं नाही, करंट लागलेल्या माणसाला डॉक्टरकडे न्यायचंच, असं कंपाउंडरने बजावलेलं. हिराजीने दार आडवं केलं. चौघांनी शेठला उचलून वर ठेवलं. काका रस्ता मोकळा करायला पुढे धावले. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. हिराजी आणि मी डोक्याकडे, रामदुलारे आणि पॅकिंगवाला पायाकडे. खांदा नाही. हाताने, कमरेच्या खाली.

गल्लीतले लोक बाहेर आले होते. प्लॅस्टिकवाला म्हातारा लांबूनच बघत होता. अर्ध्या वाटेत शेठ कण्हला.

"अरे... कमरेत काय टोचतंय?"

घाईत दार कडीची बाजू वर करून पडलं होतं.

"कुलूप हाय, शेठ," हिराजी म्हणाला.

"तो काढो ने! काढा ना ते!"

मी पकड घट्ट केली. चालता चालताच म्हटलं,

"किल्ली तुमच्या कमरेला आहे, शेठ."