सीलबंद खोक्यातला आवाज

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवते ती कानांनी. त्या प्रकरणातले बरेच चेहरे आता पुसट झाले आहेत, पण आवाज जसाच्या तसा आहे.

माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत कारकून होते. मी दिल्लीतच वाढलो आणि पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्याच भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी झालो. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी असंच सगळं आयुष्य गेलं. ठाण्यात माझं मराठी कधी कुणाच्या उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

आमच्या ठाण्यात परदेशी पर्यटकांच्या तक्रारी रोजच्याच. कुणाला भंगार कॅमेरा नवा म्हणून विकलेला, कुणाचा स्पीकर हॉटेलवर पोचेपर्यंत मुका झालेला. या धंद्याची एक खुबी सांगतो. दुकानदार वस्तू दाखवण्याआधी पाहुण्याला चहा पाजतो आणि गोड आवाजात विचारतो, "परतीचं विमान कधी?" भाव वस्तूवरून ठरत नाही, या उत्तरावरून ठरतो. विमान उद्या असेल तर चौपट किंमत आणि सगळ्यांत टाकाऊ माल. फिर्यादीच देशाबाहेर गेला की खटला मरतो, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक. खरं सांगायचं तर आम्हीही त्या तक्रारी फारशा मनावर घेत नसू. त्याची लाज वाटते, पण ते खरं आहे.

दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. दुपारी एक वयस्क परदेशी गृहस्थ आले. निवृत्त शिक्षक होते, देशोदेशी फिरून पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करण्याचा त्यांना छंद होता. त्यांनी बाजारातून सीलबंद खोक्यातला एक छोटा रेकॉर्डर घेतला होता. मी कंटाळून म्हटलं, "पैसे परत हवेत ना?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. म्हणाले, "पैशांचं राहू द्या. यात एक मुलगी आहे."

बटण ढिलं असल्यामुळे तो रेकॉर्डर मन मानेल तेव्हा आपोआप सुरू होत होता. हॉटेलच्या खोलीत दोनदा असं झालं होतं. म्हातारा घाबरला होता, पण त्याहून जास्त बेचैन होता. त्याचं म्हणणं, भाषा कळत नाही, पण ही मुलगी पुस्तक वाचत नाहीये, कुणाशी तरी बोलते आहे. कुणीतरी ऐकायला हवं.

मी बटण दाबलं. खरखर झाली आणि मग स्वच्छ मराठीत आवाज आला, "राज्यपालांचे स्वेच्छाधिकार. मुद्दा पहिला." माझ्या शेजारचा हवालदार म्हणाला, "जनाब, कोई पाठ कर रही है." मला मात्र लगेच उमगलं. दिल्लीत स्पर्धा परीक्षा करणारी आपल्याकडची मुलं स्वतःच्या आवाजात नोट्स भरून ठेवतात आणि जेवताना, चालताना तेच कानात घालतात. म्हणजे कुणाचातरी चोरीचा रेकॉर्डर नव्या खोक्यात घालून विकलेला. सरळ प्रकरण होतं. मी हसून पुढचं लावलं.

नोट्स संपल्या आणि तोच आवाज म्हणाला, "आई, दिवाळीला येता येत नाही गं. चिवडा मात्र मिळाला. तिखट झालाय." दिवाळीला अजून अवकाश होता. त्यापुढचं, "आई, तिळगूळ पोचला. इथं थंडी खूप आहे, स्वेटर घालते, काळजी करू नकोस." ठाण्यातला पंखा फुल्ल फिरत होता. अजून न आलेल्या सणांबद्दल ती मुलगी घडून गेल्यासारखं बोलत होती, एकामागून एक, रविवारमागून रविवार.

माणूस पुढच्या महिन्यांचं बोलून कधी ठेवतो? जेव्हा त्या महिन्यांत आपण नसणार असं त्याला ठाऊक असतं तेव्हा. परीक्षेत हरलेली, घरी तोंड कसं दाखवू म्हणून खचलेली मुलं मी नोकरीत पाहिली होती. त्यांच्या खोल्यांची दारं उघडली होती. मी रोजनामच्यात नोंद करायला लावली, रेकॉर्डर जमा करून घेतला आणि त्या गृहस्थांना जबाबासाठी थांबण्याची विनंती केली. त्यांनी खळखळ न करता विमान दोन दिवस पुढे ढकललं.

दुकानदाराला आणलं. गडी निवांत होता. पाय पसरून म्हणाला, "जनाब, अंग्रेज परसों उड़ जाएगा. फिर गवाही कौन देगा, आप?" मी तासभर झटलो, पण माल कुठून आला ते तो सांगेना. बिल हरवलं, माणूस गावाला गेला, नेहमीची टेप. एवढ्यात टेबलावरचा रेकॉर्डर आपोआप सुरू झाला. "आई, ऐकतेस ना?"

त्यानं पाय आत घेतले. "ये कौन है?"

"तुझ्या खोक्यातली मुलगी," मी हिंदीत सांगितलं. "आईशी बोलते आहे. संक्रांतीचं सांगते आहे. आज कुठला महिना आहे?" त्यानं खुर्ची मागे सरकवली. "ती मेलेली सापडली तर तिची शेवटची वस्तू तुझ्या दुकानातून विकली गेली आहे. पुढचं तू बघ."

मी पोलिसी खाक्यात कितीतरी धमक्या दिल्या असतील, पण हिच्याइतकी लागू पडलेली दुसरी आठवत नाही. त्यानं एका गल्लीतलं तळघर दाखवलं. तिथे चोरीचे कॅमेरे, फोन, रेकॉर्डर यांना नवं कवच आणि नवं खोकं मिळत असे. आतली मेमरी पुसायचीसुद्धा तसदी कुणी घेत नव्हतं. तो आळस आमच्या पथ्यावर पडला. रेकॉर्डर ज्या सॅकमधून आला होता ती सॅक कोपऱ्यात पडली होती आणि तिच्या कप्प्यात एका अभ्यासिकेचं ओळखपत्र होतं. चष्मा लावलेली, केस घट्ट बांधलेली मुलगी.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, अभ्यासिकेच्या मालकानं रजिस्टर काढलं. मुलगी महिन्याभरापासून आली नव्हती. राहण्याचा पत्ता जुना, ती खोली केव्हाच सोडलेली. तिचा मोबाइल वाजत राहिला, कुणी उचलेना. शेवटी घरचा नंबर होता तो लावला. मराठवाड्यातलं एक खेडं. फोन आईनं उचलला. मी शक्य तितक्या सहज म्हटलं, "दिल्लीहून बोलतोय, अभ्यासिकेच्या नोंदीचं काम होतं. मुलीशी शेवटचं कधी बोलणं झालं?"

"आज सकाळीच तर आला की मोबाइलवर आवाज तिचा, भरून पाठवलेला," ती म्हणाली. "म्हणली, मेसमधली भाजी पुन्हा दुधी. रविवारी रविवारी येतो बघा."

दुध्याच्या भाजीचं ते वाक्य मी रेकॉर्डरवर ऐकलं होतं. आणि रेकॉर्डर तर कालपासून आमच्या मालखान्यात, जप्त वस्तूंच्या खोलीत, कुलपात होता.

मग बाई हळू आवाजात म्हणाली, "एक इचारू का साहेब? आवाज तिचाच हाय. पण फोन लावला तर उचलत न्हाई, अन् मी बी आवाज भरून काय इचारलं की त्याचं उत्तर येत न्हाई. मी म्हणते खोकला गेला का, अन् ती भाजीचं सांगते. पहिलं भांडायची माझ्याशी. आता भांडत बी न्हाई. ती माझ्याशी बोलती का नुसतीच बोलती, कळंना झालंय."

मुलगी नाही, पण ती आहे असं भासवणारं कुणीतरी दर रविवारी तिचा आवाज तिच्या आईकडे पाठवत होतं. आणि त्या धक्क्यात मी नोकरीतली एक ढोबळ चूक केली. "घाबरू नका, पोलीस शोधतायत," असं बोलून गेलो. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज.

मुलीच्या फोनचं लोकेशन काढायला दुसरा दिवस उजाडला. त्या दुपारी मालखान्यातल्या हवालदारानं मला बोलावून नेलं. बंद लोखंडी कपाटातून आवाज येत होता, "आई, मी मजेत आहे." जुना, कशालाही न डगमगणारा माणूस, पण किल्ली त्यानं माझ्याच हातात दिली.

लोकेशन एका पेइंग गेस्ट इमारतीचं निघालं. महिला शिपायाला घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि दार ठोठावलं. एका मुलीनं उघडलं, आमची वर्दी पाहून ती रडायलाच लागली. मी तिला बाजूला करून आत शिरलो. पंचनाम्याची तयारी मनात सुरू झाली होती.

खिडकीपाशी ओळखपत्रावरची मुलगी उभी होती. जिवंत. गळ्याला पांढरं बँडेज. मी नाव विचारलं, तिनं उत्तर दिलं नाही, वहीत लिहून दाखवलं.

दार उघडणारी तिची मैत्रीण होती, तिनं सगळं सांगितलं. गळ्यात गाठ निघाली होती. ऑपरेशननंतर आवाज राहील याची खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती, आणि तो राहिला नव्हता. मागच्याच वर्षी वडील दवाखान्यात गेले ते परत आले नव्हते. आईला दवाखान्याचं नावसुद्धा सोसत नव्हतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी चार दिवस बसून पोरीनं संक्रांतीपर्यंतचं सगळं बोलून ठेवलं. तोवर आवाज येईल, नाहीतर सांगायचं धाडस तरी येईल असा हिशेब. मैत्रिणीनं त्यातले पाच निरोप लॅपटॉपवर उतरवले आणि दर रविवारी पाठवले. बाकीचे उतरवायच्या आधीच हॉस्पिटलच्या बाकावरून सॅक चोरीला गेली. आदल्या दिवशीचा दुधी हा त्यांच्याकडचा शेवटचा निरोप होता.

मला आनंद व्हायला हवा होता. मी तिच्यावर भडकलो. "अगं, लिहून कळवायचं की! चार ओळी लिहिता येत नव्हत्या?"

तिनं वहीत लिहिलं, "आईला वाचता येत नाही."

पुढचं कोर्टाचं काम रीतसर झालं. परदेशी गृहस्थांचा जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे झाला, दुकानाला आणि तळघराला सील लागलं, रेकॉर्डर सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, मुलीला मिळाला. विमानतळावर जाण्याआधी म्हाताऱ्यानं ठाण्यात येऊन विचारलं, मुलगी सापडली का. सापडली म्हटल्यावर माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं असं लोक विचारतात. पस्तीस वर्षं मी माणसांच्या बोलण्यातलं खोटं हुडकत आलो. खोटं बोलणारा भीतीपोटी बोलतो किंवा लोभापोटी, एवढंच मला ठाऊक होतं. मायेपोटी कुणी सबंध हंगामाचं खोटं आधीच बोलून ठेवेल हे माझ्या गावीही नव्हतं. आणि ज्याच्यासाठी ते रचलं जातं त्याला आतून सगळं कळत असतं, हेही मला त्या बाईनंच दाखवलं.

कारण माझ्या त्या फोननंतर तिसऱ्या दिवशी ती एकटी दिल्लीत उतरली. स्टेशनवरून विचारत विचारत ठाण्यात आली, हातात गाठोडं. मी तिला जीपमधून घेऊन गेलो. वाटेत ऑपरेशनचं सांगितलं. तिनं मान हलवली. म्हणाली, "कायतरी झालंय हे मला दुसऱ्याच निरोपाला कळलं हुतं. मी खोदून इचारलं असतं तर तिनं तेवढं बी पाठवणं बंद केलं असतं."

खोलीत मायलेकी समोरासमोर बसल्या. आईनं बँडेजवरून हळूच बोट फिरवलं. मुलीनं वही ओढली आणि भराभरा लिहायला लागली. लिहून झाल्यावर वही आईपुढे धरली, आणि मग तिच्या लक्षात आलं. तिनं वही परत मांडीवर ओढली. मैत्रीण नेमकी औषधं आणायला गेली होती. मी पुढे झालो, वही घेतली आणि वाचायला लागलो. आयुष्यभर जबाब वाचलेले, त्याच आवाजात वाचलं, "आई, मी तुला फसवलं. तू चिडू नकोस. माझा आवाज गेला."

आई माझ्याकडे बघतच नव्हती, मुलीकडे बघत होती. तशीच बघत म्हणाली, "साहेब, हळू वाचा. ती एवढ्या घाईनं बोलत न्हाई."

मी चष्मा पुसला आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा, हळू वाचलं.