भवानीचा भाव आणि ब्लॉकचेन

"पूस! आधी ते पूस, मग तोंड उघड!"

वांगेवाल्या मावशीचा आवाज येडशीच्या आठवडी बाजारात असा फुटला, की स्टेशनातली गाडी शिट्टी न देताच पळाली आणि तिकडं रामलिंगच्या रानातल्या माकडांनी झाडं बदलली. खोटं वाटत असेल तर माकडांना विचारा.

मावशीपुढं चार बायका मोबाईल नाचवत उभ्या. पडद्यावर लिहिलेलं : वांगी, वीस रुपये किलो. बाजारात भाव चाळीस. आणि ते वीस लिहिणारा मी.

त्याचं असं झालं, की महागाई मोजायच्या एका योजनेत मी घुसलो होतो. दर बाजारी काहीबाही विकत घ्यायचं आणि भाव ॲपवर टाकायचा. तो ब्लॉकचेनवर जायचा. म्हणजे एकच वही हजारो संगणकांवर, एकदा लिहिलेलं ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही. कुणा साहेबानं आकडा दाबू नये म्हणून ही सोय. माझी नोंद जिल्ह्यात पहिली पडावी म्हणून मी कोंबड्याला हलवून उठवायचो आणि बाजार गाठायचो. साहजिकच मावशीची भवानी कायम माझ्याच हातची. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक माघारी लावायचं नाही, म्हणून ती बिचारी मला निम्म्या भावात द्यायची. मला वाटायचं, घासाघीस करावी तर आपणच! ती स्वस्ताई मी तीन महिने जगभर कोरून ठेवली होती.

"मावशी, ते खोडता येत न्हाय."

"मग म्या काय दुकान उचलू? समद्या वीसनंच मागायल्यात!"

"खाली नवी नोंद टाकता येती."

"टाक की मग चाळीस!"

"तसं न्हाय चालत. खरंच घेतल्याबिगर लिहायचं न्हाय, असा नियम हाय."

मावशी एकदम गार झाली. तराजू उचलला. "पिशवी धर."

पाच किलो. चाळीसनं. नोंद पडली तशी तिनं माझाच फोन हिसकून बायकांपुढं धरला, आणि त्यांनी मुकाट पिशव्या पुढं केल्या. आमच्या घरी आठवडाभर वांग्याचं भरीत, वांग्याची भाजी आणि बायकोचं मौन.

पुढच्या बाजारी मी कोंबड्यालाही न उठवता गेलो. मैदानात चिटपाखरू नाही. मावशी पोत्यावर बसलेली, पोत्याची गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

"मावशी, भवानी करू का?"

"झाली."