बाटली हुंगणारा कंपाउंडर

रेवदंड्याच्या दवाखान्यात तेव्हा औषधासाठी बाटली घरूनच न्यावी लागे. तिथला कंपाउंडर प्रत्येक बाटली नाकाशी धरून डोळे मिटायचा आणि मगच औषध ओतायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा माझी बाटली हुंगताना त्याने दचकून डोळे उघडले.

"बाई, ह्यात आधी काय होतं?"

"ढेकणांचं औषध. पण राखेनं घासून धुतलीय."

त्याने ती पायरीवर फोडली.

"सरकार विषाच्या बाटलीला चिठ्ठी लावायला लावतंय, नि तुम्ही ती धुऊन टाकता!"

मी तशीच घराकडे धावत सुटले. तशा दोन बाटल्या मी धुतल्या होत्या. दुसरी सकाळीच शेजारणीनं मागून नेली होती, तान्ह्याला पाजायचं ओव्याचं पाणी भरायला.