जावई पुढे, भेकर पसार

माझ्या सासऱ्यांनी तरुणपणी भेकरं मारली आणि म्हातारपणी ती नुसती बघायची म्हणून मला बरोबर घेतलं. पहिल्या प्रकारात भेकरं जिवानिशी जायची, दुसऱ्यात ती आमच्या कितीतरी आधी निघून जायची.

सासरे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, घर पेठ रोडला. शिकारबंदी आली तेव्हा त्यांनी बंदूक मुकाट्याने जमा केली, पण पेठच्या बाजूच्या डोंगरांत जाणं काही सुटलं नाही. भेकर म्हणजे शेळीएवढं हरीण, हिवाळ्यात त्याचा नर माजावर आला की सकाळी सकाळी ओरडत सुटतो. कुत्र्याच्या भुंकण्यासारखाच आवाज, जरा जाडा आणि थांबून थांबून येणारा. सासरे एखादं हिरवं पान तोडायचे, ओठांत धरून त्याची पिपाणी करायचे आणि मादीसारखा बारीक आवाज काढायचे. नर थबकायचा, मग त्या आवाजाच्या रोखाने एकेक पाऊल टाकत पुढे यायचा. निवृत्त अव्वल कारकून झुडपात बसून भेकराच्या मादीचं सोंग घेतायत, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. माझं हसणं ऐकून नर गेला. सासरे म्हणाले, वारा फिरला बहुतेक.

मी सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. आठवडाभर प्रेस मशीनच्या धडधडाटात ओरडून बोलायची सवय, त्यामुळे माझं कुजबुजणंही शेजारच्या शेडमध्ये ऐकू जायचं. त्यात नव्वद सालच्या आसपास लग्न झालं आणि पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीने कपडे, अंगठी आणि चामड्याचे नवे बूट दिले. बूट उत्तम होते, फक्त करकर वाजायचे. मी रानात जायला जुने कॅनव्हासचे काढले तर सासूबाईंचा चेहरा पडला. दिलेलं आवडलं नाही वाटतं, एवढंच त्या म्हणाल्या. मग चामड्याचेच घालणं आलं.

त्याहून मोठी पंचाईत मानाची. त्यांच्या घरात जावई मागून चालत नाही. लग्नकार्यात नाही, देवळात नाही, आणि रानातही नाही. स्कूटर पायथ्याच्या पाड्यावर लावली की सासरे हाताने वाट दाखवायचे आणि म्हणायचे, तुम्ही व्हा पुढे. समोर नुसती कारवीची झुडपं, बघायला चिटपाखरू नाही, तरी मान तो मान. मी करकरत पुढे, आणि माझ्यामागे जन्मभर पाऊल न वाजवता रान तुडवलेला माणूस. भेकर आम्हाला दिसायचंच नाही. डोंगराच्या पलीकडे पोचल्यावर ते तिथून आमच्यावर भुंकायचं.

सासरे मात्र मला चकार शब्द बोलायचे नाहीत. जावयाला बोलणं म्हणजे मुलीच्या संसारात निखारा टाकणं, अशी त्यांची पक्की समजूत. माझ्या पायाखाली फांदी मोडली की म्हणायचे, रान वाळलंय, करणार काय. मी शिंकलो की थंडी फार असायची. मधल्या काळात स्कूटर गेली, मोटरसायकल आली, कारखान्याने मला मोबाइल दिला. एरवी त्या डोंगरात रेंज नसायची, पण एकदा नर अगदी घळीच्या तोंडाशी ओरडत असताना तो वाजला. सासरे म्हणाले, कामाचा असेल, घ्या. असे वाऱ्यावर, थंडीवर आणि कारखान्यावर ठपका ठेवत आम्ही कितीतरी हिवाळे काढले. कॅन्टीनमध्ये मी ऐटीत सांगायचो, त्या बाजूला आता जनावरच उरलेलं नाही.

एकदा भांडणाच्या भरात बायकोने खरं काय ते सांगून टाकलं. बाबा म्हणतात, जावई सोन्यासारखे आहेत, पण त्यांनी गाडीवरून पाय खाली टाकला की सगळ्या रानाला कळतं. मी आठवडाभर फुगून बसलो. पुढच्या रविवारी डोंगराखाली उतरल्यावर म्हटलं, आज मी मागून येतो. त्यांची लेक माहेरी आणून सोडतो म्हटलं असतं तरी ते इतके घाबरले नसते. म्हणाले, लोक काय म्हणतील. मी विचारलं, कुठले लोक? त्यांनी चहूकडे बघून घेतलं, दूरवर एक बैल चरत होता. तरी पण, असं म्हणून त्यांनी मला वाट दाखवली.

मग एका पावसाळ्यानंतर ते चालताना दाराच्या चौकटीला धडकायला लागले. चहाचा कप हाताशी असून त्यांना सापडेना. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच त्यांना घेऊन गेलो. काचबिंदू निघाला. समोरचं थोडं दिसत होतं, कडेची नजर गेली होती. गेलेली परत येणार नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला.

"एवढी भेकरं मारली मी," सासरे म्हणाले. "पण ओरडताना एकही पाहिलं नाही."

आवाजाच्या रोखाने सरकत जायचं, जनावर दिसलं की चाप ओढायचा. दिसेपर्यंत ते गप्प झालेलं असायचं, आणि नंतर तर कायमचंच. बंदूक गेल्यापासून त्यांना तेवढंच हवं होतं. ओरडणाऱ्या नराला एकदा जवळून, तोंड उघडलेलं असताना बघायचं. मला माझ्या बुटांची लाज वाटली, पण त्याहून जास्त त्यांचा राग आला. एवढी ओढ होती तर एकदा गप्प बसा म्हणायला काय झालं होतं? त्यांच्या मानापायी त्यांची चांगल्या नजरेची वर्षं वाया गेली, आणि तो मान मी मागितलेलाही नव्हता.

त्या हिवाळ्यात मी सासूबाईंना बूट चावतात असं सांगितलं आणि कॅनव्हासचे घातले. वाटेवर पुढे मीच होतो, पण पाय जपून टाकत होतो. घळीच्या वर ऐनाच्या झाडाखाली आम्ही बसलो. खालून ओरडणं येत होतं. सासऱ्यांनी चाचपून एक पान तोडलं, ओठांत धरलं, बारीक आवाज काढला. ओरडणं थांबलं. मग पुन्हा आलं, पहिल्यापेक्षा जवळून. नंतर आणखी जवळून. मला राहवेना. मी बघायला म्हणून अर्धवट उठलो, तोच माझ्या शर्टाची मागची बाजू कोणीतरी खस्सकन ओढली.

"खाली बस, गाढवा. तोंड मिट."

मी बसलो. इतक्या वर्षांच्या अहो-जाहोनंतर हे कानावर पडलं आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. माझे वडील मला रोज गाढव म्हणायचे, त्यात इतका गोडवा कधी जाणवला नव्हता.

तेवढ्यात नर डाव्या अंगाच्या खडकावर येऊन उभा राहिला. सकाळच्या उन्हात लालसर अंग, छोटी शिंगं, मान पुढे ताणलेली. हाकेच्या अंतराच्याही आत. तो ओरडला. सासरे दचकले आणि डोळे ताणून समोर बघत राहिले, जिथे काहीच नव्हतं. घळीत आवाज घुमत होता; मान इकडे तिकडे हलली, पण जिकडे वळायला हवी तिकडे नाही. मी बोललो असतो तर नर गेला असता. बोट दाखवलं असतं तर ते त्यांना दिसलं नसतं. जन्मात पहिल्यांदा मला तोंड मिटायचा हुकूम झाला होता आणि तो पाळत असताना त्यांचं भेकर त्यांच्या हातचं चाललं होतं.

मग मी कुठल्याही जावयाने करू नये ते केलं. दोन्ही तळव्यांत त्यांचा चेहरा धरला. दाढीचे खुंट टोचले. मशीनवर लोखंडाचा जॉब बसवताना फिरवतात तसा तो मी अगदी हळू डावीकडे वळवला, थोडा, मग आणखी थोडा. एका जागी त्यांचा श्वास अडकला. तिथे मी थांबलो.

नर पुन्हा ओरडला. मग आणखी एकदा. सासऱ्यांच्या ओठाला चिकटलेलं पान थरथरत होतं. डोळ्यांतलं पाणी माझ्या बोटांवर आलं, तरी त्यांनी पापणी मिटली नाही. नंतर खडकावरून खूर वाजले, कारवी हलली आणि सगळं शांत झालं. मी हात काढायला लागलो तर त्यांनी ते धरून ठेवले.

"अख्खं अंग लागतं रे त्याला ओरडायला," ते म्हणाले. "नुसतं तोंड नाही. पोट पार पाठीला जाऊन भिडतं. पाहिलंस ना तू?"

पाहिलं, असं मी म्हणालो. भेकर ओरडत होतं तेवढा वेळ मी त्यांच्याच चेहऱ्याकडे बघत होतो.