सोमवारचा जिना

अमेरिकेत लेकीकडे आले की सोमवारी सकाळी मला जिन्यात सोबत मिळते. वरच्या मजल्यावरचा चोवीस वर्षांचा पोरगा इथल्या फुटबॉलमधला व्यावसायिक खेळाडू आहे. चेंडू घेऊन धावत येणाऱ्याला अंगावर घेऊन आडवं पाडायचं, हे त्याचं काम. रविवारी टीव्हीवर डोंगराएवढा दिसणारा हा सोमवारी कठडा धरून, माझ्यासारखाच तिरका होऊन, एकेक पायरी उतरतो.

काल माझं उतरणं बघून त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, "तुम्ही किती वर्षं खेळलात?"

"चाळीस," मी हसत म्हटलं. "शाळेत, फळ्यासमोर उभी राहून."

तो हसला नाही. "मला अजून तीन मिळाली तरी पुष्कळ."

त्याच्या वयाची असताना मी नुकता कुठे खडू हातात घेतला होता. मी कठडा सोडून त्याचा हात धरला.